गरम बाजूला द्रव, गार बाजूला वायू

प्रश्न गुहागरकडच्या अकरावीतल्या एका मुलीचा आहे. थोडक्यात असा: "तापमान वाढलं की द्रवाचा वायू होतो आणि उतरलं की वायूचा द्रव, असं पुस्तकात आहे. मग आमच्या घरचा गॅस सिलिंडर हलवला की आत डुचमळतं ते काय? आत द्रव असेल तर सिलिंडर थंडगार लागायला हवा, तो तर लागत नाही. आणि तापमान ठरवतं म्हणजे नेमकं काय ठरवतं?"

बाळा, शंका रास्त आहे. पुस्तकातलं वाक्यही खोटं नाही, पण ते अर्धं आहे. उरलेलं अर्धं मला वर्गात कळलं नाही, बर्फाच्या कारखान्यात कळलं. आयटीआयला रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला आणि मिरकरवाड्याला हेल्पर म्हणून लागलो. मग हर्णै, देवगड, शेवटी मालवण. चौतीस वर्षं अमोनियाच्या वासात गेली. म्हणून उत्तर तिथूनच देतो, तुझ्या सिलिंडरवर नंतर येतो.

बंदरावरचा बर्फाचा कारखाना तू बाहेरून पाहिला असशील. लाद्या घसरत येतात, क्रशरमध्ये जातात, चुरा होऊन टेम्पोत किंवा होडीत. आत गेलीस तर एक मोठी टाकी दिसेल, वर लाकडी झाकणं. टाकीत मिठाचं पाणी, साधारण उणे १० अंशांपर्यंत गार केलेलं. मीठ असल्यामुळे ते गोठत नाही. त्या पाण्यात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले, डब्यांत गोडं पाणी, त्याची लादी होते. आणि हे मिठाचं पाणी गार कोण करतं? त्याच टाकीत बसवलेल्या लोखंडी नळ्यांमधून जाणारा अमोनिया. आम्ही त्याला कॉइल म्हणतो. कॉइलमध्ये अमोनिया उणे १५ अंशांना उकळत असतो. हो, उकळत. पातेल्यात पाणी उकळतं तसाच, बुडबुड्यांसकट.

तिथून निघालेला वायू कॉम्प्रेसर ओढून घेतो, दाबतो आणि पुढे ढकलतो. दाबल्यामुळे तो इतका तापतो की पुढच्या पाइपवर पाण्याचा थेंब टाकला तर चर्र होतो. मग तो जातो कंडेन्सरमध्ये. जुन्या कारखान्यांत हा कंडेन्सर म्हणजे उघड्यावरच्या नळ्यांची उतरंड असते, वरून पाणी ठिबकत असतं, नळ्यांना शेवाळ धरलेलं. त्या पाण्याने अमोनिया निवतो आणि ३५-३८ अंशांना त्याचा द्रव होतो. तो द्रव रिसिव्हर नावाच्या टाकीत जमतो. रिसिव्हरला काचेची नळी असते, तिच्यात द्रवाची पातळी दिसते, पाण्यासारखी स्वच्छ. रिसिव्हरवर हात ठेव, कोमट लागेल. तिथून तो एका बारीक व्हॉल्व्हमधून कॉइलमध्ये सुटतो की पुन्हा उकळायला लागतो, पुन्हा तीच फेरी.

आता नीट बघ. रिसिव्हरमध्ये ३५ अंशांचा अमोनिया द्रव आहे. कॉइलच्या तोंडाशी उणे १५ अंशांचा अमोनिया वायू आहे. गरम तो द्रव, गार तो वायू! पदार्थ एकच, कारखाना एकच, मध्ये जेमतेम वीस पावलांचं अंतर. पुस्तकातलं अर्धं वाक्य घेऊन इथे आलीस तर सगळं उलटं दिसेल. मीही पहिल्या महिन्यात मिस्त्रींना हेच विचारलं होतं. त्यांनी काही सांगितलं नाही, हाताला धरून गेजपाशी नेलं.

अमोनियाचं गेज साध्या प्रेशर गेजसारखं नसतं. तबकडीवर दाबाचे आकडे असतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला दुसऱ्या रंगात आणखी एक ओळ असते, तापमानाची. काटा एकच. तो २० पौंडांवर (म्हणजे दर चौरस इंचाला २० पौंड) असेल तर आतल्या ओळीत उणे १५ च्या आसपास येतो. १८० पौंडांवर असेल तर ३५. शून्य पौंडांवर, म्हणजे बाहेरच्या हवेइतकाच दाब असेल तेव्हा, उणे ३३. बाकी पोटमाळ्यावर टाकलेल्या जाड पुस्तकांत जे आहे ते सगळं या एका काचेखाली आहे. द्रव आणि वायू एकत्र नांदत असतील तेव्हा दाब आणि तापमान यांची जोडी बांधलेली असते. एक सांगितलं की दुसरं ठरलंच. तबकडी छापणाऱ्याला आपला कारखाना कुठला हे माहीत नसतं, तरी त्याचा आकडा चुकत नाही.

म्हणजे प्रत्येक पदार्थाला एकच उत्कलनबिंदू असतो असं समजू नकोस. प्रत्येक दाबाला वेगळा असतो. पाण्याचा १०० अंश, अमोनियाचा उणे ३३ असे जे आकडे पाठ करतो ते समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला धरून असतात. आपण नेमके समुद्राकाठी राहतो, म्हणून आपल्याला ते जसेच्या तसे लागू पडतात. आंबोलीला चढलीस तर पाणी दोनेक अंश आधीच उकळेल, महाबळेश्वरला चारपाच अंश आधी. उलट घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वजनाने दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून कुळीथ कुकरमध्ये लवकर शिजतात आणि टोपात तासभर रटरटतात. आच मोठी केल्याने टोपातलं पाणी १०० च्या वर जात नाही, नुसता गॅस जळतो. हे आमच्या घरी मी तीस वर्षं सांगतोय, कुणी ऐकत नाही.

असं का होतं, ते फुगडीवरून सांगतो. दोघी हात धरून फिरतात. वेग कमी असेल तर पकड टिकते, वेग वाढत गेला की एका क्षणी बोटं सुटतात आणि दोघी दोन दिशांना. रेणूंचं बरंचसं असंच. एकमेकांना धरून ठेवण्याची ओढ त्यांच्यात असते आणि तापमान म्हणजे त्यांच्या हालचालीचा जोर. ओढ जिंकते तोवर द्रव, जोर जिंकला की वायू. पकड कुणाची किती घट्ट, हे पदार्थावर. मिथेन, अमोनिया आणि पाणी या तिघांचे रेणू वजनाला जवळजवळ सारखे: १६, १७, १८. पण हवेच्या दाबाला मिथेन उणे १६१ अंशांना उकळतो, अमोनिया उणे ३३ ला आणि पाणी १०० ला. वजन तेच, पकड वेगळी. पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधाने एकमेकांना असे काही धरून ठेवतात की त्यांना सोडवायला चुलीवर ठेवावं लागतं. ही पकड नसती तर आपल्या समोर अरबी समुद्र नसता, नुसती दमट हवा असती.

पण फुगडीचा दाखला एका ठिकाणी तोकडा पडतो. द्रवातले सगळे रेणू एकाच वेगाने फिरत नाहीत. काही मंद, काही भलतेच चपळ. पृष्ठभागाजवळचे चपळ रेणू कुठल्याही तापमानाला सुटून जातात. म्हणून दोरीवरचे कपडे वाळायला १०० अंश लागत नाहीत. एप्रिलमध्ये सुकट खळ्यावर पसरली की दोन-तीन दिवसांत कडकडीत होते, त्यातलं पाणी काही उकळून गेलेलं नसतं. पावसाळ्यात तेच कपडे आठवडाभर ओले राहतात, कारण जितके रेणू कपड्यातून सुटतात जवळजवळ तितकेच हवेतून परत येऊन बसतात. दाभोळच्या फेरीबोटीवरून जितकी माणसं गेली तितकीच परत आली तर धक्क्यावरची गर्दी तेवढीच राहणार, तसं. माठाचंही तेच. आपल्याकडचा माठ देशावरच्या माठाइतकं गार पाणी देत नाही, त्यात कुंभाराची काही चूक नाही. हवाच आधीच बाष्पाने भरलेली.

आता झाकण लाव. बंद भांड्यात सुटलेले रेणू पळून जाऊ शकत नाहीत, वर साठत राहतात आणि भांड्याच्या भिंतींवर आपटत राहतात. तो त्यांचा दाब. साठता साठता एक वेळ येते की जाणारे आणि येणारे बरोबरीत येतात. त्या वेळचा दाब म्हणजे बाष्पदाब. पाण्याचा ३० अंशांना तो सुमारे ४२ मिलिबार असतो. बाहेरच्या हवेचा दाब १०१३ मिलिबार, म्हणजे पाणी चोविसातला एक भाग जोर लावतंय. तापवत गेलीस की तो जोर झपाट्याने वाढतो आणि १०० अंशांना बरोबर १०१३ होतो. त्या क्षणी पाणी हवेला तोडीस तोड जोर लावतं, मग द्रवाच्या पोटातही बुडबुडे टिकू शकतात. त्यालाच आपण उकळी म्हणतो. पाण्याला पातळीवरून हळूहळू उडायची मुभा कायम असते, पोटातून बुडबुडे काढायची मुभा मात्र या आकड्याला मिळते.

हे ध्यानात आलं की तुझ्या सिलिंडरचं कोडं सुटतं. त्यात प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण असतं. हवेच्या दाबाला प्रोपेन उणे ४२ ला उकळतो, ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली. उघड्यावर ठेवले तर दोघेही आपल्याकडे वायूच. पण सिलिंडर बंद आहे. आतले काही रेणू वर जाऊन साठतात, दाब चढतो, मिश्रणाप्रमाणे चारपाच पट किंवा थोडा अधिकही, आणि तेवढ्या दाबाखाली बाकीचा द्रव गप्प बसतो. तुझं डुचमळणं म्हणजे तो द्रव. तो गार असायचं कारणच नाही, ३० अंशांच्या स्वयंपाकघरात तो ३० अंशांचाच असणार. त्याला द्रव ठेवलंय दाबाने, थंडीने नाही. एक लिटर द्रवाचा बाहेर आल्यावर सुमारे अडीचशे लिटर वायू होतो, म्हणून तर १४.२ किलो गॅस एवढ्याशा टाकीत मावतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते, ती घरोघरी उपयोगाची आहे. आत थोडाही द्रव शिल्लक असेल तोवर दाब तापमानावरच ठरतो, किती द्रव उरलाय त्यावर नाही. म्हणून शेगडीची ज्योत महिनाभर सारखीच असते आणि संपताना एकदम मरते. सिलिंडरला दाबाचं गेज लावून "किती उरला" हे कळत नाही. त्याला वजनच करायला हवं, रिकाम्या सिलिंडरचं वजन वर लिहिलेलं असतं. किंवा ओलं फडकं फिरव: द्रव जिथवर आहे तिथवरचा पत्रा उशिरा सुकतो, वरचा आधी.

सिलिंडर गार कधी लागतो, तर लग्नघरी. आचाऱ्याच्या मोठ्या भट्टीला १९ किलोचा सिलिंडर जोडलेला असतो आणि भट्टी ढणाढण चालू असते. वायू भराभर ओढला जातो, म्हणून द्रव भराभर उकळतो, आणि उकळायला उष्णता लागते. ती कुठून घेणार? स्वतःतून आणि पत्र्यातून. तासाभरात सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागावर घाम येतो, वर एक सरळ आडवी रेघ आणि रेघेच्या वर कोरडं. ती रेघ म्हणजे आतली द्रवाची पातळी, क्ष-किरण न काढता दिसणारी. आपल्याकडच्या दमट हवेत ती फार ठळक उमटते. बऱ्याचदा खाली पांढरं दहिवरही धरतं. आणि आतला द्रव गार झाला म्हणजे त्याचा दाबही उतरला, म्हणून ऐन पंगतीच्या वेळी ज्योत मंदावते. गॅस संपलाय असं समजून अर्धा भरलेला सिलिंडर बदलणारे आचारी मी पाहिलेत. जाणते लोक सिलिंडर साध्या पाण्याच्या टबात उभा करतात किंवा दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडून ओढ वाटून देतात. काही महाभाग तो उलटा करतात. तसं कुणी करताना दिसलं तर मांडवातून बाहेर जा. तेव्हा नळीतून वायूऐवजी द्रव येतो.

या उकळण्याच्या उष्णतेवरच आमचा धंदा उभा आहे, म्हणून तिच्यापाशी थोडा थांबतो. एक किलो पाणी ३० वरून १०० अंशांपर्यंत तापवायला साधारण २९३ किलोज्यूल लागतात. ते १०० अंशांनाच ठेवून पूर्ण वाफ करायला २२५७. जवळजवळ आठपट, आणि त्या सगळ्या वेळात थर्मामीटर हलत नाही! उष्णता तापमान वाढवण्यात जात नाही, पकड सोडवण्यात जाते. अमोनियाला उणे १५ अंशांना किलोमागे १३०० किलोज्यूलच्या वर लागतात. ते तो मिठाच्या पाण्याकडून वसूल करतो, मिठाचं पाणी डब्यांतल्या गोड्या पाण्याकडून, आणि लादी होते. कागदावरच्या हिशेबाने एक किलो अमोनिया उकळला की दोन किलोंच्या वर बर्फ पडतो. प्रत्यक्षात मे महिन्यात, विहिरीचं पाणी कोमट आणि झाकणं फुगलेली असताना, तेवढा पडत नाही.

दाब आणि तापमान यांची जोडी मी एकदा नुकसान करून शिकलो. नोकरीचं दुसरं वर्ष, रात्रपाळी, मिस्त्री जेवायला गेलेले. लाद्या काढून डब्यांत नवं पाणी भरलं होतं, टाकी थोडी तापली होती आणि पहाटे होड्यांना बर्फ हवा होता. मला वाटलं, अमोनिया जास्त सोडला तर गारवा जास्त होईल. व्हॉल्व्ह दोन आटे उघडला. अर्ध्या तासाने टाकीचा थर्मामीटर बघतो तर उतरायचं नाव नाही. म्हणून आणखी एक आटा. झालं असं की कॉइलमध्ये कॉम्प्रेसरला ओढवेल त्यापेक्षा जास्त अमोनिया शिरला, तिथला दाब वाढला, आणि दाब वाढला की उकळण्याचं तापमान वर सरकलं. उणे १५ ला उकळायचा तो उणे ८ ला उकळायला लागला. म्हणजे गारवा वाढवायला गेलो आणि कॉइल गरम केली. गेजवरच्या आतल्या ओळीत ते स्वच्छ दिसत होतं, पण मी बाहेरचीच ओळ वाचत होतो.

पुढचं त्याहून वाईट. न उकळलेला अमोनिया द्रवरूपातच परत निघाला. परतीच्या पाइपवरचं दहिवर सरकत सरकत कॉम्प्रेसरच्या अंगावर आलं, आणि मग आवाज सुरू झाला, हातोडीने लोखंड ठोकावं तसा. वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. पिस्टनखाली द्रव आला की काहीतरी तुटतंच. आमच्या व्हॉल्व्ह प्लेटा तुटल्या. दोन दिवस कारखाना बंद, होड्या दुसऱ्या बंदरावरून बर्फ आणत होत्या, आणि मालकाने जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मिस्त्री एवढंच म्हणाले, "आतली ओळ वाच."

आता एक गंमत. आतापर्यंत तुला वाटलं असेल की दाबच खरा मालक, तापमान नुसतं नावाला. कितीही गरम वायू असो, पुरेसा दाबला की द्रव होणारच. तसं नाही. इथे तापमान शेवटचा शब्द स्वतःकडे ठेवतं.

बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज या रसायनशास्त्रज्ञाने कार्बन डायऑक्साइड काचेच्या नळीत कोंडून वर्षानुवर्षं दाबून पाहिला आणि १८६९ मध्ये त्यावर व्याख्यान दिलं. त्याला दिसलं ते असं: ३१ अंशांच्या खाली दाब वाढवला की द्रव होतो, पातळी दिसते. ३१ च्या वर हवा तेवढा दाब द्या, पातळी दिसतच नाही. वायू दाट होत जातो, द्रवाइतका दाट होतो, पण "इथवर द्रव, इथून वायू" अशी रेघ येत नाही. याला क्रांतिक तापमान म्हणतात. फुगडीच्या भाषेत, वेग इतका की कितीही खेटून उभं केलं तरी बोटं धरतच नाहीत.

हा ३१ चा आकडा कोकणातल्या माणसाने लक्षात ठेवावा असा आहे, कारण आपली हवा त्याच्या दोन्ही बाजूंना ये-जा करते. बंदरावरच्या ऑफिसात कार्बन डायऑक्साइडचा लाल अग्निशामक टांगलेला असतो. जानेवारीच्या पहाटे त्यात द्रव आहे, हलवलास तर कळेल. मे महिन्याच्या दुपारी ३३-३४ अंशांना त्याच नळकांड्यात द्रवही नाही आणि धड वायूही नाही. बाहेरून काहीच कळत नाही. त्याला दाबाचं गेजही नसतं. तपासणीला येणारा माणूस त्याचं वजन करतो, कारण घरगुती सिलिंडरसारखंच इथेही दाबावरून माल कळत नाही.

अमोनियाचं क्रांतिक तापमान १३२ अंश, प्रोपेनचं ९७ च्या आसपास. म्हणून हे दोघे आपल्या हवेत नुसत्या दाबाने द्रव होतात आणि धंद्याला सोयीचे पडतात. ऑक्सिजनचं उणे ११८, नायट्रोजनचं उणे १४७. त्यांना आपल्या हवेत पहाडाखाली दाबलंस तरी द्रव होणार नाहीत. फॅरेडेने १८४५ पर्यंत बरेच वायू द्रव करून दाखवले, पण ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन काही वठणीवर आले नाहीत. लोक त्यांना कायमचे वायू म्हणायला लागले. ते कायमचे नव्हते, पुरेसे गार केले नव्हते एवढंच. १८७७ मध्ये फ्रान्समध्ये काइयते आणि स्वित्झर्लंडमध्ये पिक्ते यांनी वेगवेगळे प्रयोग करून ऑक्सिजनचे थेंब काढले.

हा फरक तुला दवाखान्यात हाताने तपासता येईल. ऑक्सिजनचा मोठा सिलिंडर हलवून बघ, अर्थात कुणाला तरी विचारून. काहीही डुचमळणार नाही. त्यात दीडशे पट दाबाने कोंबलेला निव्वळ वायू असतो. म्हणूनच त्याच्या गेजचा काटा खरं सांगतो: अर्ध्यावर आला म्हणजे अर्धा संपला. स्वयंपाकाच्या गॅसला गेज निरुपयोगी, ऑक्सिजनला गेजच आधार, आणि दोन्हींचं कारण एकच. मोठ्या इस्पितळांबाहेर पांढऱ्या उभ्या टाक्या असतात त्यांत मात्र द्रव ऑक्सिजन असतो. पण तिथे काम दाबाने नाही, थंडीने होतं, आणि टाकी थर्मासच्या धर्तीवर दुहेरी भिंतीची असते.

गुरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचा डबा असतो तोही पाहा. आत उणे १९६ अंशांचा द्रव सतत मंद उकळत असतो आणि बूच मुद्दाम सैल ठेवलेलं असतं. घट्ट लावलं तर वायूला वाट नाही, आणि उणे १४७ च्या वर गेलेल्या नायट्रोजनला द्रव ठेवेल असा दाब नसतोच, डबा फुटतो. झाकण काढल्यावर पांढरा धूर येतो तो नायट्रोजन नव्हे. नायट्रोजन दिसत नाही. ते आपल्या हवेतलं बाष्प, गारठून बारीक थेंब झालेलं. चहाच्या किटलीचंही तसंच: तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते ती खरी वाफ, वायू. त्यापुढे जो पांढरा लोट दिसतो तो पुन्हा द्रव झालेला असतो. मराठीत दोन्हींना वाफच म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

सगळ्यात हट्टी हेलियम. उणे २६९ अंशांना द्रव होतो, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम चार अंश वर. १० जुलै १९०८ ला नेदरलँड्समधल्या लायडनला कामरलिंग ओनेसने तो पहिल्यांदा द्रव केला. हेलियमचं आपल्याकडे वेगळं कौतुक आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर "साहेबाचे ओटे" दाखवतात, १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण तिथून पाहिलं असं सांगतात, आणि त्या तारखेला किल्ल्यावर हेलियमचा दिवस साजरा होतो. त्या ग्रहणात सूर्याच्या वर्णपटात एक अनोळखी पिवळी रेघ दिसली, तीच पुढे हेलियमची ठरली, हे खरं. पण ज्याच्या नावावर हा शोध सांगतात तो इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर स्वतः विजयदुर्गावर उभा होता असं जे सांगतात ते खरं नाही. तो इंग्लंडमध्येच होता आणि ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, त्याने ती रेघ टिपली. ओट्यांची शोभा त्याने कमी होत नाही.

शेवटी परीक्षेपुरतं. "पाणी १०० अंशांना उकळतं" एवढंच लिहू नकोस, "एक वातावरण दाबाला" हे पुढे लिही. आणि सुट्टीत एखाद्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन ये. फोरमनला विचार, आत सोडतात. दुपारी लाद्या निघण्याच्या वेळेला जा, ओला रुमाल बरोबर ठेव, कारण अमोनिया पाण्यात पटकन विरघळतो आणि नाकाला झोंबला तर तो रुमाल उपयोगी पडतो. दोन गेजं शेजारी शेजारी असतील. मळ धरलेली, काच अस्पष्ट. पुसून घे आणि आतली ओळ वाच.